खिडकी वाचवूया

वाचन-लेखन महोत्सवाची सूचना शिक्षकांच्या खोलीत आली आणि सकाळपर्यंत ठणठणीत असलेली माणसं एकाएकी आजारी पडली. गणिताच्या बाईंची कंबर धरली. विज्ञानाच्या सरांच्या सासूबाई अत्यवस्थ झाल्या. त्या तशा दर सत्रात एकदा होत आणि काम दुसऱ्याच्या गळ्यात पडलं की बऱ्या होत. चित्रकलेचे सर तर भिंतीकडे तोंड करून उभेच राहिले, म्हणजे ते खोलीत नाहीत असं समजावं. उरले दोघं. एक पीटीचे सर, ज्यांना वाचता येतं की नाही याबद्दल शाळेत दोन मतं होती. आणि दुसरे भाषेचे सर, ज्यांना वाचता येत होतं पण ते वाचत नसत.

या भाषेच्या सरांना सगळी शाळा ‘अर्थात सर’ म्हणे, कारण त्यांचं दर दुसरं वाक्य ‘अर्थातच’ने सुरू व्हायचं. शिपायाकडे पाणी मागतानासुद्धा ते ‘अर्थातच पाणी आण’ म्हणत. त्यांनी घसा खाकरला.

“अर्थातच ही जबाबदारी मी घेतो,” ते म्हणाले, आणि सगळ्यांच्या दुखण्याला एकदम उतार पडला.

आता कोणी असं समजू नये की सरांना वाचनाची कळकळ होती. कळकळ होती ती पर्यवेक्षकाच्या खोलीची. जुने पर्यवेक्षक निवृत्त झाले होते, खोली रिकामी होती, आणि त्या खोलीला दार होतं. ज्याने उभी नोकरी पोरांच्या कलकलाटात आणि करकरणाऱ्या पंख्याखाली काढली, त्यालाच दाराची किंमत कळते. आत स्वतःचा पंखा, टेबलावर काच, बाहेर नावाची पाटी आणि शिकवायचे तास अगदी नावापुरते. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, बैठकीत सांगूनच टाकलं होतं, “यंदा महोत्सवाची ढाल आपल्या शाळेत आली पाहिजे. जो आणेल त्याचा पर्यवेक्षकपदासाठी विचार होईल.” सरांनी हे घरी जाऊन बायकोला सांगितलं, बायकोने ते फोनवर आईला सांगितलं, आणि दिवेलागणीपर्यंत सर सासरी पर्यवेक्षक झालेसुद्धा होते. आता मागे फिरायची सोय राहिली नाही.

महोत्सवात दोन स्पर्धा. एक, आवडत्या पुस्तकातला भाग मोठ्याने वाचायचा. दुसरी, जागेवर मिळालेल्या विषयावर तिथेच बसून लिहायचं. वाचनासाठी सरांनी सातवीतली एक मुलगी निवडली. तिला पोरं ‘भोंगा’ म्हणत. ती वर्गात हळू बोलली तरी मुतारीकडे गेलेली पोरं धावत परत येत. लेखनासाठी निवड करावीच लागली नाही. सातवीत एक मुलगा होता, तो बालवाडीपासून पहिलाच येत असल्यामुळे त्याचं नावच ‘पहिला नंबर’ पडलं होतं. त्याची आईसुद्धा पालकसभेत “मी पहिल्या नंबरची आई” अशी ओळख करून द्यायची. त्याला सांगाल ते तो पाठ करायचा. त्यात काही म्हटलेलं आहे का, असल्या फालतू चौकशीत तो कधी पडला नाही.

“तुझं आवडतं पुस्तक कोणतं?” सरांनी भोंग्याला विचारलं.

“शाळेतलं का सर?” तिने विचारलं, आणि समोरच्या वर्गातले दोघं दचकले.

“अर्थातच शाळेतलं.”

“मग मला सगळ्यांचे फक्त कडेचे भाग माहितेत.”

यात त्या पोरीची काही चूक नव्हती. शाळेचं ग्रंथालय म्हणजे जिन्याखालचं काचेचं एक कपाट. त्याचा ताबा शिवणाच्या बाईंकडे. बाईंचा एकच अभिमान, की आपल्या राज्यात एकाही पुस्तकाला डाग पडलेला नाही. कसा पडेल? पुस्तक बाहेर निघालं तर ना!

“मुलं वाचत नाहीत का मग?” सर म्हणाले.

“वाचतात की!” बाई दुखावल्या. “मधल्या सुट्टीत काचेतून नावं वाचतात. रांगेत, गोंधळ न करता.”

“अर्थातच मला एक पुस्तक हवंय.”

“कपाट उघडायला समितीचा ठराव लागतो. समितीत मी, हेडक्लार्क आणि पर्यवेक्षक.”

“पर्यवेक्षक तर निवृत्त झाले.”

“म्हणून तर उघडता येत नाही,” बाई समाधानाने म्हणाल्या आणि काजाला टाका घालू लागल्या.

सर हेडक्लार्ककडे गेले. हेडक्लार्क हा गृहस्थ कुठल्याही प्रश्नाला आधी चष्मा पुसायचा. त्याने चष्मा पुसला. नवी समिती नेमता येईल, म्हणाला, पण ती कशी नेमायची ते नियमावलीत बघावं लागेल.

“मग बघा ना.”

“नियमावली कपाटात आहे.”

सरांच्या जागी दुसरा कोणी असता तर काच फोडून मोकळा झाला असता. पण सर हाडाचे शिक्षक. त्यांनी अर्ज केला. अर्ज फिरत फिरत मोठ्या बाईंकडे गेला, मोठ्या बाई सगळ्यांवर कडाडल्या, आणि तेव्हा असं उघडकीला आलं की कपाटाची किल्ली शिवणाच्या बाईंनी फारच जपून ठेवली होती. इतकी जपून की ती त्यांना स्वतःलाच सापडेना. शेवटी सुतार बोलावून बिजागऱ्या काढल्या. दार बाजूला झालं, सगळे पुढे झाले, आणि बिनडागाच्या त्या पुस्तकांनी मागच्या भिंतीची ओल पिऊन एकमेकांना अशी घट्ट मिठी मारली होती की पूर्ण खण एका लादीसारखा बाहेर आला. सुताराने पटाशी घालून पाहिली. एकच पुस्तक धडपणी सुटलं. ते शेळ्यांच्या रोगांवर होतं.

“अर्थातच,” सर म्हणाले.

पण भोंग्याने ते पुस्तक छातीशी धरून घरी नेलं आणि दुसऱ्या दिवशी वाचून आणलं. तेव्हापासून ती सरांच्या मागेच लागली. पोट फुगलेल्या शेळीला उभं का ठेवायचं? पुस्तकातला तो म्हातारा रात्रभर तिला फिरवत राहिला, मग शेवटी ती जगली का ते पुढच्या पानावर असणार, पण ते पान चिकटलंय, काय करू? सर म्हणाले, शेळीचं सोड, उच्चार सांभाळ. तिने घरी जाऊन वाफेवर धरून ते पान सोडवलं. सरांना मात्र या मुलीचं लक्ष भलतीकडेच जातंय अशी काळजी लागून राहिली.

त्यातच पीटीच्या सरांनी मोठ्या बाईंना गाठून ‘हावभाव’ हे खातं आपल्याकडे घेतलं. ढालीत त्यांनाही वाटा हवा होता. त्यांनी मैदानावर भोंग्याला उभं करून कवायत बसवली. ‘शेळी’ म्हटलं की उजवा हात पुढे, ‘रोग’ म्हटलं की दोन्ही हात खाली, ‘औषध’ला जागच्या जागी उडी. दोन दिवसांनी ती वाचते आहे का डास मारते आहे तेच कळेना. अर्थात सरांनी उडीला हरकत घेतली. पीटीचे सर म्हणाले, तुम्ही शब्द बघा, मी शरीर बघतो. दोघांनी मोठ्या बाईंकडे एकमेकांची तक्रार केली आणि बाईंनी दोघांनाही समज दिली. आपल्याला समज मिळते, आणि तीही पीटीच्या माणसाबरोबर एकाच ओळीत उभं करून, हे सरांच्या जिव्हारी लागलं. त्या दिवशी ते जेवलेसुद्धा नाहीत. म्हणजे जेवले, पण मागून घेतलं नाही.

आता लेखनाचं काय? विषय जागेवर मिळणार, मग तयारी कशाची करायची? हा प्रश्न सरांना खात होता तेव्हा त्यांच्या वरच्या मजल्यावर राहणारे साहेब जिन्यात भेटले. हे साहेब कुठल्याशा मोठ्या कार्यालयातून निवृत्त झालेले. घरात कोणी ऐकत नसे, म्हणून ते जिन्यात उभे राहून सल्ले देत.

“अहो, सोपं आहे,” साहेब म्हणाले. “आमच्याकडे कोणी निवृत्त झालं की निरोपाचं भाषण मी करायचो. उभ्या नोकरीत एकच भाषण केलं. माणूस बदलायचा, भाषण तेच. ‘यांच्याशिवाय आपण काय करू?’ म्हटलं की बायका डोळे पुसायच्या. एकदा तर कार्यालयाची जुनी लिफ्ट काढली तेव्हाही तेच केलं. लोक हळहळले!”

सरांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. त्याच आठवड्यात त्यांनी असा एक निबंध रचला की जो कशावरही चालेल. ‘अमुक हा मानवी जीवनाचा अविभाज्य घटक आहे. अमुककडून मी लहानपणापासून खूप काही शिकलो. परंतु आजच्या धावपळीच्या युगात अमुककडे पाहायला कोणाला वेळ आहे? या विचाराने माझे डोळे पाणावतात. अमुक नसते तर? छे, ही कल्पनाच करवत नाही! चला तर मग, आपण सर्व जण मिळून अमुक वाचवूया!’ मधे फुलं होती, पाखरं होती, क्षितिजही होतं. सरांना आपल्या लेखणीचं इतकं कौतुक वाटलं की त्यांनी तो निबंध बायकोला मोठ्याने वाचून दाखवला.

बायको विमा कार्यालयात काम करायची. रोज माणसांचे दावे फेटाळून फेटाळून तिच्याकडे दयामाया फारशी उरली नव्हती.

“कशावरही चालतो?”

“अर्थातच.”

“मूळव्याधीवर चालवून दाखवा.”

सरांनी निबंध घडी करून खिशात घातला.

पहिल्या नंबरने मात्र तो दोन दिवसांत पाठ केला. सर पटापट विषय फेकायचे. पाऊस! आजोबा! शिस्त! पोरगा डोळे मिटून सुरू व्हायचा. गृहपाठ वाचवूया. रस्त्यावरचे खड्डे वाचवूया. एकदा विषय दिला ‘आळस’, तर आळसाकडून तो लहानपणापासून खूप काही शिकला, आणि सरांना त्यात काही वावगं दिसलं नाही. फक्त एक गोष्ट त्यांनी त्याच्याकडून पुन्हा पुन्हा वदवून घेतली.

“हे पाठ केलंय असं कोणी विचारलं तर?”

“मेलो तरी सांगायचं नाही, सर.”

“शाब्बास!”

महोत्सव शहरातल्या मोठ्या सभागृहात होता. पहिल्या रांगेत मोठ्या बाई आणि शाळेचे अध्यक्ष, त्यांच्या शेजारी पीटीचे सर इस्त्रीचा शर्ट घालून. परीक्षक म्हणून एक म्हाताऱ्या लेखिका होत्या. सगळे त्यांना आजी म्हणत होते. आजींनी सुरुवातीलाच सांगितलं, “मला बाकी काही नको. पाठ केलेलं आढळलं तर मात्र ती शाळा बाद.” सरांनी मान अशी डोलावली की हा नियम त्यांनीच सुचवलेला असावा.

आधी वाचन झालं. इतर शाळांची पोरं थोरांची चरित्रं वाचून गेली. भोंगा उभी राहिली, पुस्तक उघडलं आणि पहिल्याच ओळीला कवायत विसरली. हात नाहीत, उड्या नाहीत. पीटीचे सर खुर्चीत बसून ‘हात! हात!’ अशा खुणा करत राहिले आणि अध्यक्षांना वाटलं त्यांना उकडतंय. तो म्हातारा फुगलेल्या शेळीला धरून अंगणात रात्रभर फेऱ्या घालतो, तिच्याशी बोलतो, उजाडताना ती एकदाची चारा हुंगते, एवढंच त्या पानावर होतं. पण ती पोरगी असं वाचत होती की सभागृहात खोकायचीही कोणाची टाप नव्हती. संपल्यावर आजींनी विचारलं, “मग पुढे?” आणि भोंगा पुस्तक मिटून पुढचं सांगायलाच लागली. शेवटी तिला हाताला धरून खाली आणावं लागलं. पहिला क्रमांक तिचाच.

“अर्थातच उच्चारांवर मेहनत घेतली होती,” सर शेजारच्याला म्हणाले.

मग लेखनाची वेळ झाली. आणि इथे आजींच्या डोक्यात एक कल्पना आली. म्हातारी माणसं गोड दिसतात, पण त्यांच्या कल्पनांपासून सांभाळून राहावं. “शिक्षकांनीही लिहा ना मुलांबरोबर,” त्या म्हणाल्या. “मुलं पुढे बसतील, तुम्ही मागच्या बाकावर. मजा येईल!” सगळ्या शिक्षकांनी मजा येत असल्यासारखे चेहरे केले. विषय फळ्यावर लिहिला गेला: खिडकी.

पहिल्या नंबरने डोळे मिटले, उघडले आणि लिहायला लागला. त्याच्या मागच्या बाकावर सरांनी पेनाचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं. खिडकी. काय लिहायचं खिडकीवर? त्यांच्या झोपायच्या खोलीची खिडकी कधीच नीट लागत नव्हती. ती उघडी ठेवायची का बंद, यावरून नवराबायकोत लग्नापासून भांडण होतं, आणि फटीत कोंबलेला कागद रोज कोणीतरी एकजण गुपचूप काढून टाकायचा. सरांना हे आठवलं, आणि त्यांनी ते झटकून टाकलं. छे! हे काय लिहायचं? यात विचार कुठे आहे? क्षितिज कुठे आहे? आयुष्यभर दुसऱ्यांच्या निबंधांवर लाल शाई सांडणाऱ्या या माणसाला आता एक ओळ येईना. घाम आला. वेळ संपत आली. आणि मग हात आपोआप चालू लागला: ‘खिडकी ही मानवी जीवनाचा अविभाज्य घटक आहे…’ लिहिता लिहिता सरांचे डोळे खरोखरच पाणावले. खिडकी वाचवूया म्हणून त्यांनी पेन ठेवलं तेव्हा त्यांना केवढं हलकं वाटलं!

आजींनी कागद तपासले. तपासता तपासता दोन बाजूला काढले, एकावर एक ठेवून पाहिले, चष्मा बदलून पुन्हा पाहिले.

“हे दोन कागद शब्दाला शब्द सारखे आहेत,” त्या म्हणाल्या. “एक या मुलाचा आहे, आणि एक याच्या शिक्षकांचा. हे कसं काय?”

पहिला नंबर ताडकन उभा राहिला. आयुष्यात कोणी त्याच्यावर असला संशय घेतला नव्हता. त्याचे कान लाल झाले होते.

“आजी, मी बघून लिहिलेलं नाही! मी पुढे होतो. मला मागे डोळे नाहीत. आणि माझं कधीच लिहून झालं होतं, तेव्हा सर पेनाचं टोपण काढत-लावत होते. मी आवाज ऐकला!”

सगळ्या माना सरांकडे वळल्या.

“मग बाळा, हे पाठ केलेलं आहे का?” आजींनी हळूच विचारलं.

“मेलो तरी नाही,” पहिला नंबर म्हणाला.

त्या एका क्षणात सरांनी जेवढा विचार केला तेवढा त्यांनी नोकरीत केला नव्हता. खरं सांगावं, तर शाळा बाद, भोंग्याचा क्रमांक गेला, ढाल गेली, मोठ्या बाई समोरच बसलेल्या. न सांगावं तर? निदान ढाल तरी येईल. ढाल आली की पर्यवेक्षकपद आलं. पर्यवेक्षकाला कोण विचारतो मागचं! सर उभे राहिले.

“अर्थातच,” ते म्हणाले, आणि आवाज चिरकला, “मी… त्याचं बघून लिहिलं.”

मागे कोणीतरी फस्सकन हसलं. आजींनी सरांकडे बराच वेळ पाहिलं. त्यांना सगळं कळलं असावं, कारण त्या रागावल्या नाहीत.

“असू दे हो,” त्या म्हणाल्या. “विषय अवघड होता तुम्हाला.”

रागावल्या असत्या तर बरं, असं सरांना वाटलं.

पहिल्या नंबरला तिसरा क्रमांक मिळाला, तोही आजींनी अक्षराला दिला, कारण बाकीच्या शाळांच्या खिडक्याही मानवी जीवनाचा अविभाज्य घटकच निघाल्या. फक्त शब्द इकडचे तिकडे होते. भोंग्याच्या पहिल्या क्रमांकामुळे बेरजेत ढाल शाळेला मिळाली. परतताना बसमध्ये मोठ्या बाई सरांच्या शेजारी येऊन बसल्या. सर सावरून बसले.

“ढालीबद्दल अभिनंदन हं,” बाई म्हणाल्या. “पण तुम्हीच सांगा, पर्यवेक्षकाचं पहिलं काम काय? परीक्षेत कॉपी पकडणं. आता अध्यक्षांच्या डोळ्यांदेखत… मी काय तोंडाने तुमचं नाव पुढे करू?”

“अर्थातच,” सर म्हणाले. ते आपोआप गेलं तोंडातून.

पीटीचे सर सोमवारी पर्यवेक्षकाच्या खोलीत बसले. इकडे अर्थात सरांच्या घरी बायकोने पाण्याचा पेला पुढे केला आणि विचारलं, “अहो, खरंच त्या पोराचं बघून लिहिलंत?”

“नाही गं! तो माझाच निबंध होता!”

“मग सांगायचं ना तसं.”

“सांगितलं असतं तर ढाल गेली असती.”

“आणि आता ढाल कुठे लावलीय?”

ढाल पीटीच्या सरांच्या टेबलामागे लावली होती. बायकोने पुढे काही विचारलं नाही, आईला फोनही केला नाही. तिच्या मानाने ही फार मोठी दया होती.

त्या आठवड्यात सातवीची चाचणी परीक्षा होती. प्रश्न फळ्यावर लिहून सर नेहमीप्रमाणे बाकांमधून फिरायला निघाले. ते पहिल्या रांगेत शिरले आणि पोरांनी एकामागोमाग एक कोपर टेकून पेपर झाकले. सर पुढे सरकले, पुढचे पेपर झाकले गेले. कोणी हसत नव्हतं. कोणी उद्धटपणाही करत नव्हतं. शिकवल्याप्रमाणे पोरं आपापला पेपर सांभाळत होती. भोंग्याने तर पट्टी आडवी धरली होती.

सर पहिल्या नंबरपाशी आले. त्याने मान वर करून इकडे तिकडे पाहिलं, दारात कोणी नाही याची खात्री करून घेतली आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, “सर, तुम्हाला तुमचाच निबंध आठवला नाही ना, ते मी कोणालाच सांगितलेलं नाही. आईलासुद्धा नाही.”

आणि त्याने पेपरावरचा हात काढून तो सरांना नीट दिसेल असा थोडा सरकवला.